इगतपुरीच्या डोंगरात दहा दिवस मौन: पहिल्यांदा विपश्यनेला जाणाऱ्यांसाठी

विपश्यना म्हणजे श्वास आणि शरीरातल्या संवेदना जशा आहेत तशा बघत जाण्याचं ध्यान. तिच्या शिबिराला सगळे ‘दहा दिवसांचं’ म्हणतात, पण रजा काढताना बारा दिवस धरा. आदल्या दिवशी दुपारी पोहोचून नाव नोंदवायचं, मग पूर्ण दहा दिवस साधना आणि अकराव्या दिवशी सकाळी नाश्ता करून सुटका. दहाच दिवसांची रजा टाकून आलेले लोक नवव्या दिवशी ऑफिसच्या काळजीने कासावीस होतात. शिबिराचा सगळ्यात मोलाचा भाग तेव्हाच हातून निसटतो. या लेखात मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं याच प्रकारचं आहे. डोळे मिटून काय करायचं ते तिथे नीट शिकवतात. घरून निघण्याआधी काय आवरून यायचं, ते मात्र कोणी शिकवत नाही, आणि बहुतेकांचं शिबिर तिथेच अडतं.

डोंगरात जाऊन मन शांत करण्याच्या नावाखाली आज बरंच काही विकलं जातं. लोणावळ्यापासून ऋषिकेशपर्यंत तीन दिवसांची, पाच दिवसांची पॅकेजं आहेत. त्यातली काही चांगलीही असतील. पण ज्याला पहिल्यांदाच असं काही करायचं आहे आणि खिशाचाही विचार करायचा आहे, त्याला मी इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुचवते. इथे राहण्याचे, जेवणाचे, शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. सगळा खर्च आधी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानातून चालतो. तुम्हाला द्यावंसं वाटलं तर शिबिर पुरं झाल्यावर द्या. आधी देऊ केलं तरी घेत नाहीत.

थोडी ओळख

ही पद्धत आपल्याकडे आणली सत्यनारायण गोयंका यांनी. १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडाले इथे एका व्यापारी मारवाडी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अर्धशिशीने हैराण होऊन ते विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि मग चौदा वर्षं त्यांच्याकडे शिकत राहिले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, संसारी माणूस होते. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि त्यांनी पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. इगतपुरीच्या केंद्रात १९७६ पासून शिबिरं सुरू झाली. गोयंका २०१३ मध्ये गेले. आजही सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतात, आणि समोर बसलेले सहायक आचार्य तुमच्या शंका सोडवतात.

हा बौद्ध धर्माचा कार्यक्रम आहे का, असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. शिकवण बुद्धांची आहे, हे तिथे स्वच्छपणे सांगितलं जातं. पण कोणाला धर्म बदलायला लावत नाहीत. शिबिरात आंबेडकरी कुटुंबांतले लोक मोठ्या संख्येने असतात, तसेच जैन, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमानही असतात. मात्र एक अट सर्वांना सारखी आहे: दहा दिवस आपापली जपमाळ, नामस्मरण, पूजा, उपवास, नमाज, रेकी, योगासनं, सगळं बाजूला ठेवायचं. त्या पद्धती वाईट आहेत असं कोणी म्हणत नाही. नवीन पद्धतीला निर्भेळ संधी मिळावी, एवढाच हेतू. गळ्यातली तुळशीची माळ उतरवायची नसेल, तर निघण्याआधी केंद्राला फोन करून विचारा. दारात उभं राहून हा प्रश्न सोडवायला गेलात तर मनाला लागतं.

तारीख कशी निवडायची

अर्ज ऑनलाइन भरायचा. धम्म डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर सगळ्या केंद्रांची वेळापत्रकं आहेत. इगतपुरीला मागणी फार असते, त्यामुळे काही महिने आधीपासून बघायला लागा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी तर पटकन भरते. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या जागा वेगळ्या मोजतात. म्हणून नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला तरी एकाला जागा आणि दुसरा प्रतीक्षा यादीत, असं होऊ शकतं. तसं झालं तर ज्याला मिळाली त्याने जावं. तिथे तशीही एकमेकांशी भेट होत नाही. राहणं, जेवण, फिरायची वाट, सगळं वेगळं असतं.

तारीख ठरवताना पंचांग आणि घरचं कॅलेंडर दोन्ही समोर ठेवा. नवरात्राचे नऊ दिवस उपास असतील तर ते दिवस टाळा, कारण शिबिरात उपास करता येत नाहीत. मुलांच्या परीक्षा, वर्षश्राद्ध, मार्चअखेर, घरातल्या कोणाचं ठरलेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही त्या बारा दिवसांत येत असेल तर पुढची तारीख घ्या. राज्य सरकारी नोकरीत असाल तर विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे. आपल्या आस्थापना शाखेत विचारून आधीच अर्ज द्या.

ऋतूचंही बघायला हवं. इगतपुरी घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. धुकं हॉलच्या पायऱ्यांपर्यंत येतं. मला स्वतःला पावसाळ्यातलं शिबिर फार आवडतं, कारण बाहेरचं जग आपोआप पुसलं जातं. पण दमा असेल, सांधे धरत असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. त्या दिवसांत पहाटे चार वाजता चांगलीच थंडी असते.

इगतपुरीला जागा नाही मिळाली तर अडून बसू नका. नाशिकला धम्म नासिका, पुण्याजवळ मरकळला धम्मानंद, कोल्हापूरजवळ धम्म आलय, नागपूरला धम्म नाग, धुळ्याला धम्म सरोवर अशी केंद्रं आहेत. शिकवण आणि वेळापत्रक सगळीकडे तेच. हिमालयच हवा असेल तर धरमशालेच्या वर धरमकोटला धम्म शिखर आहे, पण हिवाळ्यात ते बंद असतं.

अर्जात काहीही लपवू नका

अर्जात आजार, औषधं, व्यसनं, मानसिक त्रास, पूर्वी केलेल्या साधना यांबद्दल विचारतात. ‘लिहिलं तर नाकारतील’ म्हणून लोक खोटं लिहितात. कृपा करून असं करू नका. दहा दिवस, दिवसाला दहा तासांहून जास्त, बोलणं नाही, फोन नाही, वाचन नाही: हे मनावर केलेलं गंभीर काम आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, पॅनिक अटॅक असा काही इतिहास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं लिहा. अशा माणसाला शिबिराने बरं वाटण्याऐवजी त्रास वाढू शकतो. शिबिर हा उपचार नाही. मानसोपचाराच्या गोळ्या परस्पर बंद करून शिबिराला जाणं धोक्याचं आहे, आणि असं करू बघणाऱ्याला घरच्यांनी हात धरून थांबवावं.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल, घटस्फोट चालू असेल, तर काही महिने थांबून जाणं शहाणपणाचं. दुःख हलकं करायला म्हणून लोक येतात, पण तिथे ते आधी उफाळून वर येतं.

मधुमेह, रक्तदाब, पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, गर्भारपण, ऐकू कमी येणं, हेही लिहा. त्याप्रमाणे खुर्ची, तळमजल्यावरची खोली, संध्याकाळच्या खाण्याची सोय करता येते. पाळी असेल तर हॉलमध्ये बसायला कोणतीही आडकाठी नाही, तेव्हा त्या हिशेबाने तारखा पुढे-मागे करत बसू नका. प्रवचन कोणत्या भाषेत ऐकायचं तेही अर्जात सांगायचं असतं. हिंदीतलं मूळ प्रवचन समजत असेल तर तेच ऐका. गोयंकांच्या दोह्यांची लय त्यात आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठी सोयीची असेल तर तसं नमूद करा.

निवड झाल्याचं पत्र आलं की त्यातला मजकूर नीट वाचा आणि येणार असल्याचं पुन्हा कळवायला सांगितलं असेल तर कळवा. जाणं रद्द झालं तर लगेच कळवा, म्हणजे यादीतल्या कोणाला तरी ती जागा मिळते.

आधीचा महिना

रोज जमिनीवर बसायला लागा. सोफ्यावर आणि डायनिंग टेबलावर वाढलेल्या पिढीला सगळ्यात जास्त त्रास पायांचा होतो. सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण खाली मांडी घालून घ्या. सुरुवातीला दहा मिनिटं, मग अर्धा तास. घरच्या उश्या घेऊन बघा: बूड थोडं उंच आणि गुडघे खाली टेकलेले असतील तर पाठ आपोआप सरळ राहते. कोणती मांडी आपल्याला सोसते ते घरीच कळलं तर तिथले पहिले दोन दिवस वाचतात.

दिवसाला सहा-सात कप चहा किंवा कॉफी होत असेल तर आठवडाभर आधी हळूहळू कमी करा. तिथे चहा मिळतो, पण ठरल्या वेळीच, आणि पहिल्या दिवशीची ती ठसठसणारी डोकेदुखी अनेकदा नुसती कॉफी तुटल्याची असते. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगरेट तिथे पूर्ण बंद. तेव्हा सोडायची तयारी घरापासूनच करावी लागते. दारूचं रोजचं व्यसन असेल तर ती अचानक तोडल्याने गंभीर त्रास होऊ शकतो. आधी डॉक्टर, मग शिबिर.

रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठायची सवय लावा. एवढं केलंत तरी तिथली चारची घंटा निम्मी सोपी होते.

घर आवरून निघा

हा टप्पा लोक सर्वांत हलक्यात घेतात.

बारा दिवस तुमचा फोन बंद असणार आहे. त्या काळात कोणता हप्ता कापला जाणार, कोणाचं बिल भरायचं, कोणत्या कागदाची मुदत संपते, हे एका कागदावर लिहा आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हाती द्या. आईच्या गोळ्यांचा डबा बारा दिवसांचा भरून ठेवा. मुलांच्या शाळेत आणि पाळणाघरात दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या. कामाच्या ठिकाणी स्पष्ट सांगा: ‘मी फोनवर नाही.’ ‘फारच तातडीचं असेल तर’ अशी फट ठेवू नका. एकदा फट ठेवली की मन दहाही दिवस त्या फटीतून बाहेर बघत राहतं.

घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर लिहून द्या. खरोखर आणीबाणी आली तर निरोप तुमच्यापर्यंत पोहोचवतात. हे आई-वडिलांना समजावून सांगा, विशेषतः मुलगी एकटी जात असेल तेव्हा. ‘बारा दिवस फोन नाही म्हणजे काय?’ हा त्यांचा प्रश्न प्रेमापोटी असतो. त्यांना नियमावली वाचून दाखवा. स्त्रियांचा विभाग वेगळा असतो आणि तिथे सेवा द्यायला स्त्रियाच असतात, हे सांगा.

आणि कोणाशी भांडण अर्धवट ठेवून येऊ नका. मिटवता येण्यासारखं असेल तर मिटवून या, नाहीतर निदान ‘आल्यावर बोलू’ एवढं म्हणून या. चौथ्या दिवशी दुपारी डोळे मिटल्यावर समोर पहिलं तेच माणूस येऊन बसतं.

पिशवीत काय

सैल, साधे, अंग झाकणारे कपडे. सलवार-कमीज, कुर्ता-पायजमा, सैल पँट. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचं, घट्ट किंवा पारदर्शक काही नको. चुरचुर आवाज करणारी जाकिटंसुद्धा नकोत, शंभर माणसांच्या शांत हॉलमध्ये तो आवाज फार मोठा होतो. पैंजण आणि काचेच्या बांगड्या घरी काढून ठेवा. सहज पायातून निघणाऱ्या, आवाज न करणाऱ्या चपला. शाल हवीच, उन्हाळ्यातही, कारण पहाटे स्वस्थ बसलं की अंग गार पडतं. पावसाळ्यात छत्री, जास्तीचे कपड्यांचे जोड आणि दोरी. टॉर्च, गजराचं साधं घड्याळ, पाण्याची बाटली, सॅनिटरी पॅड, साधा साबण. अत्तर, सुगंधी तेल, अगरबत्ती नको. नेहमीची औषधं बारा दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीची घ्या. ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. अंथरुण-पांघरुणाचं काय आणायचं ते पत्रात पाहा.

पुस्तक, वही, पेन नेऊ नका. नेलंत तर जमा करावं लागतं. मोबाईल आणि पैसेही सुरुवातीलाच जमा होतात, म्हणून दागिने घरीच ठेवा.

पोहोचायचं कसं

मुंबईहून सगळ्यात सोपी रेल्वे. तपोवन एक्सप्रेससारखी सकाळची गाडी पकडली तर वेळेच्या खूप आधी पोहोचता. लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते. तिथून घाट चढून जाणाऱ्या शेअर जीप मिळतात. रेल्वेने गेलात तर कसारा सुटल्यावर खिडकीशी बसा. हा थळ घाट इतका चढाचा आहे की गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पुण्याहून नाशिकमार्गे या किंवा कल्याणला येऊन गाडी बदला. नागपूरकडून येणाऱ्यांना आता समृद्धी महामार्गही आहे. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. स्टेशनवरून धम्मगिरी जवळच आहे, रिक्षावाल्याला नुसतं ‘विपश्यना’ म्हटलं की पुरे.

दुपारीच पोहोचा. खोली लावणं, रांगेत नाव नोंदवणं, अंघोळ, आजूबाजूच्या डोंगरांकडे एकदा निवांत बघणं, याला वेळ हवा. संध्याकाळी हलकं खाणं होतं, नियम पुन्हा सांगतात, आणि मग मौन सुरू होतं.

दिवस कसा जातो

चारला घंटा. साडेचार ते साडेसहा हॉलमध्ये किंवा खोलीत ध्यान. मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक साधना, पुन्हा अकरापर्यंत ध्यान. अकराला जेवण, नंतर एकपर्यंत विश्रांती. याच वेळात नाव नोंदवून आचार्यांना एकट्याने भेटता येतं. एक ते पाच पुन्हा साधना, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा. सहा ते सात सामूहिक साधना, सात ते सव्वाआठ प्रवचन, नंतर थोडी साधना, आणि साडेनऊला दिवे बंद.

पाच शीलं पाळायची असतात: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे. खाणाखुणा, चिठ्ठ्या, डोळ्यांनी बोलणं, हेही नाही. मात्र सोयी-गैरसोयीबद्दल धम्मसेवकांशी, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्यांशी, आणि साधनेबद्दल आचार्यांशी हळू आवाजात बोलता येतं. पाणी गरम येत नाही, पोट बिघडलंय, खोलीतल्या बाईंच्या घोरण्याने झोप लागत नाही, हे जरूर सांगा. मौन म्हणून आजार अंगावर काढू नका.

जेवण साधं, सात्त्विक, शाकाहारी. नव्या साधकांना संध्याकाळी चहा-दुधाबरोबर चुरमुरे आणि फळ मिळतं. जुने साधक, म्हणजे आधी शिबिर पूर्ण केलेले, बारानंतर काही खात नाहीत, फक्त लिंबूपाणी घेतात. संध्याकाळी भूक लागेल या भीतीने लोक अकरा वाजता दुप्पट जेवतात आणि मग एक वाजता हॉलमध्ये पेंगतात. पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवा. दोन दिवसांत शरीर जुळवून घेतं. आणि भिंतीकडे तोंड करून एकटं जेवताना एखादी साधी भाजी शेवटच्या घासापर्यंत कशी लागते, हे वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा कळतं.

पहिले तीन दिवस: फक्त श्वास

याला आनापान म्हणतात. नाकपुड्यांच्या दारापाशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या छोट्या जागेवर लक्ष ठेवायचं आणि येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा. प्राणायाम नाही. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. कोणताही मंत्र नाही, कोणतीही मूर्ती डोळ्यांसमोर आणायची नाही.

ऐकायला इतकं सोपं आणि करायला इतकं अवघड दुसरं काही मला माहीत नाही. दोन श्वास होत नाहीत तोच मन ठाण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यावर, सातवीतल्या बाईंवर, कुठल्यातरी लग्नातल्या अपमानावर जाऊन बसतं. जुनी गाणी सुरू होतात आणि एकच कडवं तासन्‌तास फिरत राहतं. नवख्याला वाटतं, मला जमत नाही. तसं नाही. मन गेलंय हे कळणं आणि त्याला न रागावता परत श्वासावर आणणं, हेच काम आहे. दिवसात ते हजार वेळा गेलं तर हजार वेळा आणायचं. चिडून ओढून आणलं तर डोकं दुखतं. थोडे श्वास काही वेळ मुद्दाम जरा जोरात घेतले की लक्ष सापडतं, मग पुन्हा नैसर्गिक श्वासावर या. हे तिथे सांगतातही.

तिसऱ्या दिवशी कधीतरी त्या बोटाएवढ्या जागेवर काहीतरी जाणवायला लागतं: खाज, ऊब, मुंगी चालल्यासारखं, वाऱ्याचा गारवा. हे होण्याची वाट बघू नका आणि झालं तर हुरळू नका.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातात, असं जुने साधक सांगतात आणि ते खरं आहे. बॅग भरून निघावंसं वाटण्याचे हेच दिवस. त्या वेळी खोलीत एकटं बसून निर्णय घेऊ नका. दुपारी आचार्यांना भेटा, मनात आहे ते सांगा, आणि ‘उद्या दुपारपर्यंत बघू’ एवढंच ठरवा. बहुतेक वेळा उद्या दुपारी तो विचार उरलेला नसतो. याला अपवाद एकच: खरोखरचं आजारपण, किंवा मन आवाक्याबाहेर जातंय, दिवसेंदिवस झोप नाही, भास होताहेत, जबर भीती वाटते असं काही. मग लाज न बाळगता लगेच सांगा. थांबणं योग्य असेल तर थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

चौथ्या दिवसापासून: शरीर

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. आता लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायांच्या बोटांपर्यंत फिरवायचं आणि प्रत्येक जागी जे जाणवतं ते नुसतं बघायचं. सुखद असलं तरी हाव नाही, दुखलं तरी द्वेष नाही, कारण दोन्ही बदलतात. याला समता म्हणतात.

त्याच दिवसापासून दिवसातल्या तीन सामूहिक बैठकींत अधिष्ठान असतं: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. पहिल्या दिवशी हे जमत नाही, आणि कोणी ओरडत नाही. चाळिसाव्या मिनिटाला उजव्या गुडघ्यात आग लागते. त्या क्षणी मन म्हणतं, ‘आता पाय तुटणार.’ मग त्या आगीच्या कडेवर लक्ष न्या. ती नेमकी कुठे सुरू होते, कुठे संपते, ठोके पडताहेत की जळतंय, मधला भाग किती मोठा आहे, हे बघत गेलात की आतापर्यंत एकसंध वाटणारी ती कळ सुटी होताना दिसते. कधी ती जाते, कधी जात नाही. पण ‘मला त्रास होतोय’ आणि ‘इथे त्रास आहे’ यातलं अंतर तिथे पहिल्यांदा उमगतं. मला विपश्यनेबद्दल जी आस्था आहे ती या एका तासामुळे आहे.

तरीही खुणगाठ बांधा: उठून चाललं की काही मिनिटांत जाणारं दुखणं निरुपद्रवी. तासाभराने, दुसऱ्या दिवशीही राहणारं, किंवा पाय बधिर करत खाली उतरणारं दुखणं सहन करायचं नाही. खुर्ची मागा. खुर्चीवर बसून साधनेत काही उणं पडत नाही.

शेजारचा माणूस दगडासारखा बसलाय, आपण चुळबुळतोय, अशी तुलना सुरू होईल. डोळे उघडूच नका म्हणजे ती होणार नाही. कोणाला अंगभर लहरी जाणवतात, कोणाला पाठीचा मोठा भाग बधिर राहतो. दोघांचंही शिबिर चांगलं चाललेलं असू शकतं. रडू आलं तर येऊ द्या. विचित्र स्वप्नं पडतात, झोप कमी होते, तेही नेहमीचं आहे.

पुढच्या दिवसांत पॅगोड्यातलं शून्यागार मिळू शकतं. ही एकट्याने बसायची अंधारी, लहानशी खोली. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगून हॉलमध्ये किंवा खोलीत बसा. मधल्या सुट्टीत पायवाटेवर हळूहळू चाला, डोंगर बघा. व्यायाम म्हणून भराभर चालणं, योगासनं नकोत. रात्री घाटातून येणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि घर आठवतं. तेही येऊ द्या, जाऊ द्या.

दहावा दिवस आणि परतणं

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं. दहा दिवस ज्यांच्या शेजारी बसलो त्यांची नावं तेव्हा कळतात. बोलून बोलून घसा बसतो. हा दिवस मुद्दाम ठेवलेला आहे. मौनातून थेट एसटी स्टँडवर गेलं तर माणूस भांबावतो. म्हणून ‘शिबिर तर संपलंच’ म्हणून दहाव्या दिवशी निघायचा हट्ट धरू नका. दान द्यायचं असेल तर याच वेळी द्या, ऐपतीप्रमाणे. कोणी बघत नाही, विचारत नाही.

अकराव्या दिवशी खोली झाडून, चादरी जागेवर ठेवून निघायचं. परतीचं तिकीट दुपारचं काढा. स्वतः गाडी चालवत आला असाल तर घाट उतरण्याआधी चहा घेऊन थोडं थांबा, कारण आवाज आणि वेग अंगावर येतात. फोन सुरू केल्यावर आधी घरी एक फोन करा, बाकीचे मेसेज उद्या. दुसऱ्या दिवशी लगेच कामावर रुजू व्हायला लागू नये, अशी रजा असेल तर उत्तम.

घरी आल्यावर पहिला आठवडा दोन गोष्टी टाळा. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, घर विकणं असे मोठे निर्णय घेऊ नका. आणि घरच्यांना उपदेश करू नका. बारा दिवस तुमच्या वाटची कामं त्यांनी केली आहेत. त्यांना तुमचं प्रवचन नको असतं, त्यांना तुम्ही भांडी घासायला हवे असता.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं असं तिथे सांगतात. नोकरी, लहान मुलं, लोकलचा प्रवास यांत ते सगळ्यांना जमत नाही. सकाळचा तास तेवढा धरून ठेवा, घर जागं होण्याआधीचा. तोही सुटला तर झोपण्यापूर्वी अंथरुणावर पाच-दहा मिनिटं श्वास बघा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. एकट्याने टिकत नाही, म्हणून जवळपास आठवड्याची सामूहिक साधना कुठे चालते ते केंद्रातून निघतानाच विचारून घ्या. मुंबईत असाल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं होतात, आणि एकदा दहा दिवस पूर्ण केलेत की तुम्हीही तिथे जुने साधक म्हणून बसू शकता.